वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो?

संगणक अभियंत्यांची वाढती उत्पादकता, त्यांचे आरोग्य आणि घरातील ज्येष्ठांची भूमिका

वाचकहो, वणी असो, पुसद असो वा उमरखेड, यवतमाळ जिल्ह्यातील अनेक घरांतील मुलगा, मुलगी, सून किंवा जावई आज पुण्यात, हैदराबादेत वा बंगळुरात संगणक अभियंता म्हणून काम करीत आहे. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली सुरू झाले, तर यवतमाळचे जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ साली. कापसाच्या उत्पन्नावर, शिक्षकाच्या पगारावर किंवा लहानशा दुकानाच्या मिळकतीवर संसार चालविणाऱ्या पालकांनी आपली मुले अशा महाविद्यालयांत धाडली, तेव्हा त्यांच्या मनात एकच इच्छा होती. आपल्या वाट्याला आलेले कष्ट मुलांच्या वाट्याला येऊ नयेत, ही ती इच्छा. ती बऱ्याच अंशी पूर्णही झाली. उन्हातान्हातले काम टळले, पगार ठरल्या तारखेला येऊ लागला, आईवडिलांच्या मोतीबिंदूची वा गुडघ्याची शस्त्रक्रिया कर्ज न काढता होऊ लागली. हे श्रेय त्या व्यवसायाला मोकळेपणाने दिलेच पाहिजे.

तरीही फोनवर बोलताना एक गोष्ट खटकत राहते. नव्या साधनांमुळे काम पूर्वीपेक्षा वेगाने होते, असे मुले सांगतात. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता प्रोग्रामही लिहून देते. मग मुलांचा आवाज इतका थकलेला का? काम लवकर संपत असेल, तर जेवण रात्री अकरा वाजता का? दिवाळीत गावी आल्यावरही लॅपटॉप उघडाच का? कामाचा वेग वाढल्याने काम करणाऱ्याचे आयुष्य खरोखर सुधारते का, हा प्रश्न अर्थशास्त्राचा वाटला, तरी त्याचा संबंध मुलांच्या झोपेशी व हृदयाशी आहे, आणि उतारवयात आपल्याला मिळणाऱ्या आधाराशीही आहे. म्हणून त्याचा शांतपणे विचार करू.

वेचणीची मजुरी आणि महिन्याचा पगार

उत्पादकता म्हणजे ठरावीक वेळेत होणारे काम. हा हिशेब आपल्या जिल्ह्याला नवा नाही. कापूस वेचणीची मजुरी किलोवर ठरते. ज्या बाईचा हात भराभर चालतो, तिच्या गाठोड्यात दिवसअखेर अधिक कापूस असतो आणि तेवढी अधिक मजुरी तिला मिळते. तिथे वेग आणि मोबदला यांचे नाते सरळ आहे.

संगणक अभियंत्याचे तसे नसते. त्याचा पगार महिन्याचा असतो आणि त्याच्या वेळेचे पैसे कंपनी परदेशातील ग्राहकाकडून घेते. ज्या वेळेचे बिल ग्राहकाला लावता येते, त्याला त्यांच्या भाषेत ‘बिलेबल’ म्हणतात. शुक्रवारपर्यंतचे काम एखाद्याने बुधवारीच संपविले, तर गुरुवार त्याला मोकळा मिळत नाही. बुधवारी संध्याकाळीच पुढचे काम समोर येते. काही महिन्यांनी त्याचा तो वाढलेला वेग हेच नेहमीचे माप ठरते. पुढच्या करारात ग्राहक तेच काम कमी माणसांत आणि कमी दिवसांत मागतो. वेगाचा लाभ कंपनीला व ग्राहकाला लगेच होतो. अभियंत्याला तो बढती वा पगारवाढीच्या रूपाने मिळतोही, परंतु वेळेच्या रूपाने क्वचितच मिळतो.

आपल्या शेतीने याच हिशेबाचा आणखी एक पैलू दाखविला आहे. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यानंतरच्या काही वर्षांत एकरी उत्पादन वाढले, हे खरे. परंतु बियाणे, खते, फवारणी यांचा खर्चही वाढला आणि भाव ठरविणे शेतकऱ्याच्या हाती नव्हतेच. त्यामुळे ज्या वर्षी क्विंटल वाढले, त्या वर्षी घरात शिल्लक वाढलीच, असे झाले नाही. २०१७ च्या हंगामात तर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. उत्पादनाच्या आकड्यात माणसाच्या शरीराने मोजलेली किंमत दिसत नाही, हे यवतमाळकरांना कोणी निराळे सांगण्याची गरज नाही. वातानुकूलित कार्यालयातील कामालाही हीच कसोटी लावून पाहिली पाहिजे.

वेग वाढतो, पण किती?

नव्या साधनांनी काम खरोखर वेगाने होते का, याविषयीचे पुरावे दोन्ही बाजूंचे आहेत. प्रोग्राम लिहिण्यास मदत करणाऱ्या ‘कोपायलट’ या साधनाच्या एका प्रयोगात ९५ अभियंत्यांना एक छोटे, नवे काम देण्यात आले. साधन वापरणाऱ्यांना ते पूर्ण करण्यास सरासरी १ तास ११ मिनिटे लागली, तर न वापरणाऱ्यांना २ तास ४१ मिनिटे. हा फरक मोठाच म्हणावा लागेल.

याउलट २०२५ साली अमेरिकेतील ‘मीटर’ या संशोधन संस्थेने १६ अनुभवी अभियंत्यांचा अभ्यास केला. त्यांना त्यांच्या ओळखीच्या, गुंतागुंतीच्या प्रकल्पांतील कामे देण्यात आली. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरताना त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला. काम संपल्यावर मात्र आपण सुमारे २० टक्के वेगाने काम केले, असे त्यांना वाटत होते. अभ्यास लहान होता, साधनेही दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून यावरून सरसकट निष्कर्ष काढू नये. परंतु वेग वाढल्याची भावना आणि प्रत्यक्ष वाढलेला वेग या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, एवढे त्यातून कळते. वरिष्ठांनी या भावनेवर विसंबून मुदत कमी केली, तर मधले अंतर भरून काढण्यासाठी अभियंत्याला रात्री जागाव्या लागतात.

त्यात नोकरी टिकण्याची धास्ती मिसळते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना कमी करण्याची घोषणा केली. कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीच्या प्रमुखांनी स्पष्ट केले. पण अशी बातमी वाचणारा तिशी-चाळिशीतला अभियंता, ज्याच्यावर घराचे हप्ते आहेत, तो उद्यापासून सहा वाजता घरी निघण्याचे धाडस करीत नाही. वाचलेला वेळ तो आपणहून पुन्हा कामालाच देतो.

रविवार यंत्राने दिला नाही

ही गोष्ट आजचीच आहे असे नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० साली असे भाकीत केले होते, की यंत्रांची प्रगती पाहता शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला केवळ १५ तास काम पुरेल. ती शंभर वर्षे आता संपत आली. उत्पादन त्यांच्या अपेक्षेप्रमाणे अनेक पटींनी वाढले. कामाचे तास मात्र तेवढे घटले नाहीत.

कामाचे तास जिथे घटले, तिथे ते मागून घ्यावे लागले. मुंबईच्या कापडगिरण्यांत वाफेची यंत्रे आली, तेव्हा हाताने होणारे काम कितीतरी वेगाने होऊ लागले. परंतु गिरणी कामगाराचा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच राहिला आणि आठवड्याची सुट्टीही त्याला नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांना एकत्र आणून रविवारच्या सुट्टीची आणि दुपारी अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी मांडली. सहा वर्षांच्या प्रयत्नांनंतर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. कापड विणण्याचा वेग यंत्राने वाढविला, पण रविवार माणसांनी मिळविला. आपण ज्या दिवशी मुलांच्या फोनची वाट पाहतो, त्या दिवसामागे हा इतिहास आहे.

आजच्या अभियंत्याचा रविवार कागदावर शाबूत आहे, परंतु मोबाइलने त्याला भोके पाडली आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. तिकडच्या ग्राहकाचा दिवस सुरू होतो, तेव्हा इकडे पानावर बसण्याची वेळ झालेली असते. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर फोन व ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी याच आशयाचे खाजगी विधेयक २०१८ साली लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. २०२३ साली इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे मत मांडले, तेव्हा देशभर वाद झाला. त्या वादात एक जुना पुरावा उपयोगी पडतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासल्या. आठवड्याला सुमारे ५० तासांपुढे दर तासाचे उत्पादन घटत जाते आणि ७० तास राबणाऱ्यांचे एकूण उत्पादन ५६ तास काम करणाऱ्यांहून फारसे अधिक नसते, असे त्यांना आढळले. म्हणजे ते शेवटचे चौदा तास कामगाराचे गेले आणि मालकालाही फारसे लाभले नाहीत.

शरीराचा जमाखर्च

आता आरोग्याकडे वळू. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एक संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ वा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाला रक्त कमी पडण्याच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. २०१६ या एका वर्षात जगभरात अशा दीर्घ कामाशी निगडित मृत्यूंची संख्या ७ लाख ४५ हजार असावी, असा त्यांचा अंदाज आहे.

हैदराबाद तर पांढरकवड्यावरून जाणाऱ्या महामार्गाने आपल्याला जवळचे. तेथील माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील ३४५ कर्मचाऱ्यांची तपासणी हैदराबाद विद्यापीठातील संशोधकांनी केली; तिचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ८४ टक्के जणांच्या यकृतात मेद साठलेला आढळला. दीर्घकाळ बसून राहणे, अपुरी झोप, अवेळी खाणे आणि ताण ही त्यामागची कारणे. यातील बहुतेकांना काही त्रास जाणवत नाही, आणि म्हणूनच तपासणीला महत्त्व आहे.

मनाचेही असेच असते. कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणाऱ्या शिणवट्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा समावेश रोग म्हणून न करता कामाशी संबंधित स्थिती म्हणून केला आहे. तिची लक्षणे तीन: सततचा थकवा, आपल्या कामाविषयी वाटू लागलेला परकेपणा वा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. यातील तिसरे लक्षण विशेष लक्षात घ्यावे. सर्वाधिक काम उरकणाऱ्या माणसालाच आपण निकामी आहोत असे वाटू लागते, तेव्हा त्याला आणखी कष्टाचा उपदेश केला, तर तो विषासारखा ठरतो.

आपली मुलगी वा सून अभियंता असेल, तर तिच्या वाचलेल्या वेळेला आणखी एक वाटेकरी असतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यात जातो, तर पुरुषांचा ९७ मिनिटे. कार्यालयातून तासभर लवकर सुटलेली सून त्या तासात विसावा घेत नाही, ती ओट्यापाशी उभी राहते. हा तास तिला मिळावा की नाही, हे ठरविणे कोणत्याही कंपनीच्या नव्हे, आपल्या हातात आहे.

जिथे वेळ घरी परतला

मग उत्पादकतेने आयुष्य सुधारतच नाही का? सुधारते, मात्र वाचलेला वेळ माणसाला परत मिळावा लागतो. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात अडीच हजारांहून अधिक सरकारी व नगरपालिका कर्मचाऱ्यांचे कामाचे तास पगार न कापता आठवड्याला ४० वरून ३५-३६ वर आणण्यात आले. निरर्थक बैठका कमी केल्या, कामाची फेरआखणी केली. बहुतेक ठिकाणी काम पूर्वीइतकेच झाले किंवा वाढले, आणि कर्मचाऱ्यांचा ताण कमी झाला. तिथेही कामाचा वेग वाढलाच होता. फरक इतकाच, की त्याचा वाटा घरापर्यंत पोहोचेल असे आधीच ठरविलेले होते.

आपल्यालाही याची झलक २०२० साली दिसली. टाळेबंदीत अनेक अभियंते यवतमाळ, दारव्हा, दिग्रस येथील आपल्या घरी परतले आणि तेथूनच काम करू लागले. हिंजवडीच्या वाहतूक कोंडीत जाणारे तास वाचले. ज्यांनी ते तास फिरण्यात, आईवडिलांसोबत जेवण्यात घालविले, त्यांना ते दिवस आजही आठवतात. ज्यांच्या बाबतीत ते तास आणखी बैठकांनी गिळले, त्यांचे दिवस पूर्वीहून लांब झाले. साधने दोघांकडेही तीच होती.

ज्येष्ठांनी काय करावे?

कंपनीचे नियम आपण बदलू शकत नाही. तरीही घरातील वडीलधाऱ्यांच्या शब्दाला वजन असते, आणि ते आपण पुढील गोष्टींसाठी वापरू शकतो.

पहिली गोष्ट प्रश्नांची. ‘पॅकेज किती झाले?’, ‘अमक्याचा मुलगा अमेरिकेला गेला, तुझे कधी?’ असे प्रश्न आपण कौतुकाने विचारतो, परंतु ते ऐकणाऱ्याला ती आणखी एक मुदत वाटते. त्याऐवजी ‘काल किती वाजता झोपलास?’, ‘या आठवड्यात किती दिवस वेळेवर जेवलीस?’ असे विचारावे. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी. उत्तर सतत पाच तासांचे येत असेल, तर काळजी करण्यासारखी स्थिती आहे, हे प्रेमाने पण स्पष्ट सांगावे.

दुसरी, तपासणीची. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, रक्तातील मेद आणि यकृताची तपासणी मुलांनी करावी, असा आग्रह धरावा. आपण आपल्या तपासणीला जाऊ, त्याच महिन्यात त्यांनीही जावे, असे ठरविल्यास दोघांचीही टाळाटाळ थांबते. छातीत दुखणे, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसताच ‘मीटिंग संपल्यावर पाहू’ असे म्हणू न देता तत्काळ रुग्णालय गाठावे.

तिसरी, आपल्या स्वतःच्या आजारपणाची. मुलाला त्रास नको म्हणून दुखणे लपविणे आणि मग मध्यरात्री घाबरून फोन करणे, यात दोघांचीही ओढाताण होते. यवतमाळहून पुणे एका रात्रीचा प्रवास आहे. हाकेला धावून येणे त्यांना शक्य नसते. आपल्या औषधांची व तपासण्यांची एक फाइल करावी, जवळ राहणाऱ्या एका नातेवाइकाचा व डॉक्टरांचा क्रमांक भिंतीवर लावावा, आणि शस्त्रक्रिया वा मोठी तपासणी आधी तारीख ठरवून करावी, म्हणजे मुलांना रजा मागणे सोपे जाते. शुश्रूषेचा भार एकाच मुलीवर वा सुनेवर पडू नये, याची वाटणी घरात उघडपणे बोलून करावी.

चौथी, वेळेच्या हक्काची. आठवड्यातील एक संध्याकाळ फोनसाठी ठरवून घ्यावी आणि त्या वेळी लॅपटॉप बंद असावा, असे निःसंकोच मागावे. मुलगा एखादी बढती नाकारून घरी लवकर येण्याचा निर्णय घेत असेल, तर त्याला कमी लेखू नये. आपल्या पाठिंब्याने त्याला कार्यालयात ‘नाही’ म्हणण्याचे बळ मिळते.

पाचवी, मनाच्या दुखण्याची. चिडचिड, अबोला, निराशेची भाषा, व्यसनाकडे झुकणे असे बदल दोन-तीन आठवडे टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतूनही. हा क्रमांक मुलांना द्यावा, आणि त्यांच्या काळजीने आपली झोप उडाली असेल, तर आपणही वापरावा. जीव देण्याची भाषा ऐकू आली, तर मात्र वाट न पाहता, माणसाला एकटे न सोडता लगेच मदत मिळवावी.

वाचकहो, मुलांना अधिक काम उरकता येते, याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु या प्रगतीचे माप घेताना त्यांच्या पगाराच्या आकड्याशेजारी आणखी काही आकडे मांडावेत: झोपेचे तास, वेळेवर झालेली जेवणे, वर्षात गावी काढलेले निवांत दिवस. हे आकडे वाढत असतील, तर वाढलेल्या उत्पादकतेने त्यांचे आयुष्य सुधारले, असे खुशाल म्हणावे. ते घटत असतील, तर येत्या रविवारच्या फोनवर पगाराचा विषय बाजूला ठेवावा आणि आधी त्यांच्या झोपेची चौकशी करावी.